सुमो टीव्हीवर पूर्ण, लाइव्ह बघायचं असेल तर नेमकं करायचं काय?

मिठाची_मूठ

मंडळी, एक वैताग आहे, कोणाला मार्ग माहीत असेल तर सांगा. मला सुमोचं वेड लागलंय. हसणाऱ्यांनी आत्ताच हसून घ्या. झालं असं की आओनिशिकीबद्दल वाचलं, युक्रेनचा पोरगा, युद्ध सुरू झाल्यावर देश सोडून जपानला गेला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात फुकुओकाच्या स्पर्धेत थेट चषकच घेतला, वर ओझेकी, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर पण पोचला. म्हटलं बघू तरी काय प्रकार आहे, आणि जे बघत बसलो ते बसलोच.

पण बघायचं कुठे हा प्रश्नच आहे. माझ्या टीव्हीच्या पॅकमध्ये एक जपानी चॅनल यायचं, त्यावर कधी सुमो असायचं कधी नसायचं, का ते कळायचं नाही, आणि मग एक दिवस ते चॅनलच गायब. कस्टमर केअरला फोन केला तर समोरचा म्हणतो सर तुमच्याकडे रेसलिंगचं चॅनल ऑलरेडी अ‍ॅक्टिव्ह आहे. त्याला सुमो म्हणजे काय हे समजावण्यातच सगळा वेळ गेला, शेवटी तो म्हणाला की रिक्वेस्ट नोंदवलीय. कुठे नोंदवली देव जाणे.

सध्या हायलाइट्सवर दिवस काढतोय. पण ते बघायला घेईपर्यंत कोण जिंकलं ते कुठून ना कुठून कळलेलंच असतं. तर प्रश्न असे की एक, रीतसर मार्गाने, चोरीचं स्ट्रीम नाही, रोजचं लाइव्ह बघता येतं का. दोन, एवढी स्पोर्ट्स चॅनल्स पडलीत, कुणी कुणी तर जुन्या मॅचेस दिवसभर रिपीट करत बसतात, त्यातल्या एकालाही हे घ्यावंसं का वाटत नाही. आणि हायलाइट्सवर भागतं का खरंच, की मी खूप काही मिस करतोय?

कोपऱ्यातला_प्रेक्षक

तुमचा अर्धा घोळ नावाचा आहे असं वाटतंय. एनएचके म्हणजे जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था, तिची परदेशात जाणारी चॅनल्स दोन आहेत आणि लोक कायम एकात दुसरं मिसळतात. एक एनएचके वर्ल्ड-जपान, ते इंग्रजीत, फुकट, साइटवर आणि अ‍ॅपवरही दिसतं. दुसरं एनएचके वर्ल्ड प्रीमियम, ते जपानी भाषेत, मुख्यतः परदेशी राहणाऱ्या जपानी लोकांसाठी, आणि त्याला पैसे मोजावे लागतात.

सुमो दोन्हीवर आहे, पण सारखं नाही. फुकटवाल्यावर रोजचा हायलाइट्सचा कार्यक्रम असतो, साधारण २५ मिनिटांचा, नंतर साइटवर कधीही बघता येतो. शिवाय प्रत्येक स्पर्धेत काही निवडक दिवशी शेवटच्या लढती इंग्रजी कॉमेंट्रीसह लाइव्ह दाखवतात. म्हणून तुम्हाला "कधी असायचं कधी नसायचं" वाटलं असणार, ते निवडकच दिवस होते. कोणते दिवस ते स्पर्धेच्या आधी त्यांच्या वेळापत्रकात येतं. रोजचं सलग लाइव्ह हवं असेल तर प्रीमियम. ते तुमच्याकडे कोणाच्या पॅकमध्ये मिळतं का एवढंच शोधा, कस्टमर केअरला सुमो हा शब्दच काढू नका, सरळ चॅनलचं पूर्ण नाव सांगा.

दोन_मिनिटं

मला कळत नाही एवढा आटापिटा कशाला. लढत पाच-दहा सेकंदांची. बाकी वेळ मीठ फेकायचं, खाली बसायचं, उठायचं, परत मीठ फेकायचं. दोन तासांच्या प्रक्षेपणात खरी मारामारी काही मिनिटं असेल. हायलाइट्समध्ये तेवढंच काढून देतात, सोय आहे ती. उलट इतर खेळांनीही शिकावं यांच्याकडून.

शिकिरीवेडा

@दोन_मिनिटं, हे वाचून राहवेना. तुम्ही जे कापून टाकायला निघालात तोच खेळ आहे हो.

वरच्या गटात, म्हणजे माकुउचीत, समोरासमोर आल्यावर तयारीला ४ मिनिटं मिळतात. त्याखाली ज्युर्योला ३, त्याच्याही खाली २. ही मुदतसुद्धा प्रक्षेपणामुळेच आलीय बरं का. आधी मुदत नव्हती, दोघांच्या मनात येईल तेव्हा भिडायचे, कितीही वेळ लागो. १९२८ मध्ये रेडिओवर सुमो सुरू झालं आणि रेडिओला वेळेत संपवणं भाग होतं, तेव्हा वरच्या गटाला १० मिनिटांची मर्यादा घातली, नंतर ती कमी होत गेली. मातीत हात टेकायच्या त्या दोन पांढऱ्या रेघा पण त्याच वेळच्या. तुम्ही आज टीव्हीवर बघता तो खेळ बराचसा रेडिओ आणि टीव्हीनेच घडवलाय. रिंगणावरचं छप्पर आधी चार खांबांवर होतं, १९५२ मध्ये खांब काढून ते वरून टांगलं कारण खांब बघणाऱ्यांच्या मध्ये यायचे, आणि पुढच्याच वर्षी टीव्ही आला. खांबांच्या जागी आता ते चार रंगांचे गोंडे लटकतात ना, ते.

तर त्या ४ मिनिटांत काय होतं ते बघा. पहिल्यांदा दोघं खाली बसतात तेव्हा कोणी कोणाकडे बघतही नाही नीट. दुसऱ्या खेपेला नजर जरा जास्त वेळ थांबते. तिसऱ्या खेपेला कोणीतरी एक उठायला उशीर करतो, मुद्दाम, आणि हॉलमध्ये आवाज चढायला लागतो. मग वेळ संपल्याची खूण होते, कोपऱ्यातला माणूस टॉवेल देतो, मल्ल काखा पुसतो तोंड पुसतो, शेवटचं मीठ, आणि हॉल असा काही पेटतो की विचारू नका. एवढं सगळं बघितल्यावर जी धडक होते ती आणि हायलाइट्समधली धडक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एखाद्याचा चेहरा दुसऱ्या मिठालाच पडलेला असतो, तो हरणार हे तुम्हाला आधी कळतं. २५ मिनिटांत वीसेक लढती बसवायच्या म्हटल्यावर हे सगळं जाणारच, त्यात त्या कार्यक्रमाचा काही दोष नाही. पण जे जातं ते जातंच.

२०१७ चा मार्च घ्या. किसेनोसातो नुकताच योकोझुना, म्हणजे सर्वोच्च पदाचा मल्ल झालेला, त्या पदावरची त्याची पहिलीच स्पर्धा. १३व्या दिवशी हारुमाफुजीने त्याला रिंगणाबाहेर फेकलं आणि डावा खांदा गेला. १४व्या दिवशी काकुर्यूसमोर तो उभाच राहू शकला नाही, सहज बाहेर. शेवटच्या दिवशी समोर तेरुनोफुजी, एका विजयाने पुढे. म्हणजे किसेनोसातोला चषक हवा तर आधी नेहमीची लढत जिंकायची आणि मग लगेच प्लेऑफ, त्याच माणसाशी, त्याच दिवशी, तो खांदा घेऊन. दोन्ही जिंकला. हायलाइट्समध्ये दोन लढती दिसतात, झालं. लाइव्ह बघणाऱ्याला त्या दोन लढतींमधला वेळ मिळाला. आपल्याला वाटतं होणार नाही याच्याने, आणि होणार नाही असं वाटत असतानाच ती वाट बघणं. मग राष्ट्रगीताला तो रडला. ते तेवढंच क्लिपमध्ये बघून तुम्हाला फक्त एक मोठा माणूस रडताना दिसेल.

आणि मोनो-ईचं काय? निकालावर शंका आली की काळ्या किमोनोतले पाच परीक्षक वर चढतात, चर्चा करतात, एकाच्या कानात व्हिडिओ रूमचा आवाज येत असतो. हा व्हिडिओ का आला माहितीय का? १९६९ च्या मार्चमध्ये ताइहो लागोपाठ ४५ लढती जिंकून आलेला, तोदाविरुद्ध त्याला हरलेला ठरवलं आणि टीव्हीवर सगळ्या देशाने बघितलं की तोदाचाच पाय आधी बाहेर गेला होता. निर्णय काही बदलला नाही. पण मे महिन्याच्या स्पर्धेपासून परीक्षकांना व्हिडिओ दिला. बाकीच्या खेळांत रिप्लेवरून भांडणं अजून सुरूही झाली नव्हती तेव्हाची गोष्ट आहे ही.

दोन_मिनिटं

माहितीबद्दल आभार, पण माझं मत तेच. ऑफिस असतं हो आम्हाला.

हक्कांचा_हिशोब

दुसऱ्या प्रश्नावर बोलतो, कोणी घेत का नाही त्यावर.

लोकांना वाटतं चॅनलवाल्यांना आवड नाही. आवड-बिवड कोण विचारतं, त्यांना स्लॉट भरायचा असतो आणि सुमो स्लॉटमध्ये बसवायला फार अवघड माल आहे. वर्षात ६ स्पर्धा, प्रत्येकी १५ दिवस, म्हणजे ९० दिवस रोज दुपारभर. जानेवारी, मे, सप्टेंबर तोक्योत, मार्च ओसाका, जुलै नागोया, नोव्हेंबर फुकुओका. बरोबर सहाच्या आत संपवतात जपानच्या घड्याळाने, ती वेळ कुठे पहाटेची कुठे मध्यरात्रीची, म्हणजे बहुतेक देशांत बघणारा एकतर झोपलेला किंवा कामावर.

त्याहून मोठी अडचण म्हणजे उद्या कोण कोणाशी लढणार हेच आधी माहीत नसतं. पहिल्या दोन दिवसांच्या जोड्या स्पर्धेच्या आधी लागतात, नंतर एकेक दिवसाच्या, निकाल बघून, जेमतेम आदल्या दिवशी. स्पर्धा चुरशीची राहते ती यामुळेच. पण जाहिरात करणाऱ्याच्या दृष्टीने बघा, "या रविवारी महामुकाबला" असा प्रोमो तो बनवणार कसा? फुटबॉलचं वेळापत्रक कित्येक महिने आधी हातात असतं, त्यावर पॅकेज विकता येतं. इथे ज्याच्या जिवावर प्रोमो केला तो चौथ्या दिवशी गुडघा धरून माघार घेतो. योकोझुनाच गैरहजर असं कितीदा झालंय.

मग कॉमेंट्री. ही माणसं बाजारात मिळत नाहीत. ८२ अधिकृत डाव आहेत, धडक झाल्यावर तीन सेकंदांत त्यातला कोणता लागला ते सांगायचं. येणारे बहुतेक डाव योरिकिरी (पट्टा धरून बाहेर नेणं) नाहीतर ओशिदाशी (ढकलून बाहेर काढणं) असतात हे खरं, पण नेमका एखादा वेगळा लागतो तेव्हाच कॉमेंटेटर गप्प बसला तर काय उपयोग.

जाता जाता एक गंमत. लढतीआधी प्रायोजकांचे झेंडे रिंगणाभोवती फिरवतात ते बघितलंय ना? एनएचके सरकारी नव्हे पण सार्वजनिक चॅनल, जाहिरात चालत नाही, म्हणून त्या वेळी कॅमेरा लांबचा किंवा वरचा शॉट लावतो. म्हणजे जाहिरात आहे पण धड दिसत नाही, आणि परदेशातल्या चॅनलला तेच चित्र पुढे द्यायचं. सांगा कोण घेईल.

जुनी_अँटेना

वरचं सगळं पटलं, पण "कोणी घेतच नाही" असं नाही हो, घेतलंय आणि सोडलंय. ते जास्त त्रासदायक आहे.

ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या शेवटी चॅनल फोरवर सुमो दाखवायचे, चियोनोफुजी आणि कोनिशिकी तिकडे घराघरांत माहीत झाले होते. त्या लाटेवरच १९९१ मध्ये लंडनला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सुमोची स्पर्धा झाली, जपानबाहेर जाऊन. नंतर लाट ओसरली. युरोस्पोर्टवरही बरीच वर्षं यायचं, तेही थांबलं. २०२५ च्या ऑक्टोबरात परत त्याच हॉलमध्ये पाच दिवस झालं, होशोर्यू जिंकला, हॉल भरलेला. म्हणजे प्रेक्षक आहेत. पण रोजचं टीव्हीवर कुठे आहे?

जपानी चॅनल्सचीही तीच गत. युरोपात जेएसटीव्ही होतं, वर्षानुवर्षं लाइव्ह सुमो त्यावर, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद. अमेरिकेत टीव्ही जपान, ते २०२४ च्या मार्चअखेर बंद, त्याच्या जागी जेमी नावाची स्ट्रीमिंग सेवा आली. त्यामुळे धागाकर्त्यांचं चॅनल गेलं यात नवल नाही, सॅटेलाइटवरचा हा सगळा मामला आवरत चाललाय. ज्याला टीव्हीच्या पडद्यावर बघायचंय त्याने आता अ‍ॅप टीव्हीवर टाकून बघायची सवय लावून घ्यावी, रिमोटवर नंबर दाबला आणि सुमो लागलं ते दिवस गेले असं धरून चाला.

आणि हो, खुद्द जपानातल्या लोकांनाही एकदा आपल्यासारखं डायजेस्टवर बसावं लागलंय. २०१० च्या जुलैत, बेसबॉलवरच्या जुगाराचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा एनएचकेने लाइव्ह दाखवलंच नाही, १९५३ पासून पहिल्यांदा. पुढच्या वर्षी मार्चची स्पर्धाच रद्द, लढती आधीच ठरवल्याचं उघडकीला आलं म्हणून. त्यामुळे @दोन_मिनिटं यांनी तेवढी एक स्पर्धा जपानात काढायला हवी होती, सुखी झाले असते :)

रात्रपाळी

व्हीपीएन लावून जपानची अबेमा ही स्ट्रीमिंग सेवा बघितली तर? तिथे सकाळपासून अगदी खालच्या गटापासून सगळं असतं म्हणे.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

@रात्रपाळी, असतं खरं. २०१८ पासून अबेमा दाखवतंय, सकाळच्या नवख्या पोरांपासून. पण ते जपानातल्या प्रेक्षकांसाठी, बाहेरून हक्कांमुळे सहसा उघडत नाही, आणि व्हीपीएन लावून घुसणं त्यांच्या अटींत बसत नाही. धागाकर्त्यांनी आधीच रीतसर मार्ग विचारलाय म्हणून त्यात शिरत नाही. शिवाय नेमकी शेवटची लढत सुरू होताना तुटतं, तो मनस्ताप वेगळा. हौशी लोक यूट्यूबवर लढती टाकतात त्यांचंही तसंच, आज आहे, उद्या कॉपीराइटमध्ये आख्खं चॅनल उडालेलं.

तरी खालचे गट दिसायला हवे होते यात वादच नाही. तेरुनोफुजी ओझेकी होता, गुडघे आणि आजारपण यांमुळे घसरत घसरत खालून दुसऱ्या गटात, जोनिदानमध्ये जाऊन पडला, २०१९ मध्ये. तिथून परत चढला, २०२० च्या जुलैत वर येताच चषक घेतला आणि २०२१ मध्ये योकोझुना. परदेशातल्या आपल्यासारख्यांना मधलं सगळं फक्त निकालाच्या तक्त्यात दिसलं, जिंकला की पांढरा ठिपका, हरला की काळा ठिपका.

मिठाची_मूठ

बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. @शिकिरीवेडा, तुमचा प्रतिसाद वाचून आता हायलाइट्स बघताना जीव तळमळणार, हे बरं नाही केलंत.

दोन शंका. प्रीमियम जपानी भाषेत आहे म्हणता, मला जपानी ओ की ठो कळत नाही, मग पैसे भरून उपयोग काय? आणि ते निकाल आधी कळण्याचं काय करायचं? मी काहीही बंद केलं तरी कुठूनतरी येतंच.

जुनी_अँटेना

जपानीचं टेन्शन घेऊ नका. एनएचके सुमोचं प्रक्षेपण दोन भाषांत करतं, १९९२ पासून इंग्रजी कॉमेंट्री दुसऱ्या ऑडिओवर असते. तुमच्याकडे चॅनल देणाऱ्याने तो ट्रॅक पुढे पाठवला असेल तर रिमोटवरचं ऑडिओचं बटण दाबलं की झालं. पाठवलाय की नाही हे पैसे भरायच्या आधी विचारा, आणि फोनवरच्या माणसाला माहीत नसणार हे गृहीत धरून लेखी विचारा. नसेल तरी बिघडत नाही. नावं पडद्यावर येतात, जिंकलं कोण ते डोळ्यांनी दिसतं. आवाज बंद करून मात्र बघू नका, हॉलचा आवाज हवाच.

रात्रपाळी

निकालाचं मी सांगतो, माझी हयात त्यात चाललीय. सुमो असोसिएशनच्या अ‍ॅपचं नोटिफिकेशन बंद, हे सगळ्यात आधी. मग फोनमधल्या बातम्यांची जी यादी आपोआप येते ती, कारण एकदा सुमो शोधलं की ती बया रोज फोटोसकट निकाल समोर आणून ठेवते. व्हिडिओ शोधायला सर्च करायचंच नाही, थेट एनएचकेच्या कार्यक्रमाच्या पानाची खूण करून ठेवायची आणि तिथूनच उघडायचं. सर्च केलं की खालची चित्रंच सगळं सांगून मोकळी होतात. आणि बँझुकेच्या तक्त्याची चाहत्यांची पानं स्पर्धेच्या पंधरा दिवसांत उघडायची नाहीत, ती क्रमवारी सहसा स्पर्धेच्या १३ दिवस आधी सोमवारी जाहीर होते, तेव्हा काय बघायचं ते बघून घ्यायचं.

घरच्यांना पण सांगून ठेवा. माझ्या बायकोला सुमोत काडीचा रस नाही पण आज तो युक्रेनवाला हरला बरं का हे ती बरोब्बर सांगते.

शिकिरीवेडा

@मिठाची_मूठ, तळमळा, आमचीही तीच अवस्था होती :) एक मधला मार्ग सांगतो. प्रीमियम मिळेपर्यंत फुकटवाल्या चॅनलवरचे लाइव्ह दिवस तेवढे सोडू नका, भले रजा टाका. त्या दिवसांत ४ मिनिटं पूर्ण मिळतात, काहीही कापलेलं नसतं. त्यातून तुम्हाला एकेकाच्या सवयी कळतात, कोण मीठ भरभरून फेकतो, कोण चिमूटभर, कोण शेवटच्या खेपेला घाई करतो. एकदा त्या ओळखीच्या झाल्या की मग हायलाइट्समध्ये दोन सेकंदांचा चेहरा दिसला तरी उरलेलं तुम्ही मनात भरून घेता.

फक्त एक लक्षात ठेवा, शेवटच्या रविवारी सगळं नेहमीपेक्षा सुमारे अर्धा तास आधी सुरू होतं आणि आधी संपतं, बक्षीस समारंभ असतो म्हणून. रोजच्या वेळेवर अलार्म लावून बसलात तर चषक वाटताना दिसेल.

मिठाची_मूठ

अलार्म आत्ताच बदलला. कस्टमर केअरला मेल पण टाकलाय, चॅनलचं पूर्ण नाव आणि ऑडिओ ट्रॅकचा प्रश्न घालून. उत्तर आलं की इथेच टाकतो.

दोन_मिनिटं

ते लाइव्ह दिवसांचं वेळापत्रक कुठे मिळतं म्हणालात? सहज विचारतोय.